सभामंडपातील शंभर वॅट

देवस्थानाच्या विश्वस्तांनी वकिलाला बोलावणे पाठविले म्हणजे जमिनीचा तंटा असावा, कुळकायद्याचे जुने प्रकरण असावे, निदान पुजाऱ्यांच्या पाळ्यांचा वाद तरी असावा, अशी माझी वीस वर्षांची समजूत होती. गेल्या महिन्यात बेळगावातील आमच्या एका देवस्थानाने मला बोलावले ते मात्र निराळ्याच कामासाठी. टेबलावर दोन रंगीत चित्रे मांडलेली होती. दोन्हींत काळ्या कातडी कापडाने मढविलेली एकेक पेटी, आणि तिच्याखाली पुरुषाच्या छातीइतक्या उंचीचा स्पीकरांचा खोका. अध्यक्ष म्हणाले, "वकीलसाहेब, यांतले कोणते घ्यावे ते तुम्हीच सांगा. पोरे आपसांत भांडताहेत, आणि देणारा तिकडे खोळंबला आहे."

हकीकत अशी. देवळाच्या भजनी मंडळात दोन वर्षांपासून काही तरुण विजेची गिटार वाजवितात. मूळचे शहापूरचे आणि आता कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले एक सद्गृहस्थ मंडळाला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर अर्पण करू इच्छितात. रक्कम लाखांच्या घरातील आहे. मंडळात तट पडले. एका तटाला विलायतेतील मार्शल कंपनीचा 'जे.सी.एम. ८००' हवा, दुसऱ्याला अमेरिकेतील मेसा बूगी कंपनीचा 'ड्युअल रेक्टिफायर'. दोन्ही जुन्या पद्धतीचे, व्हॉल्व्हवर चालणारे. दोन्ही शंभर वॅटांचे. दोन्ही, तरुणांच्या भाषेत, 'हाय गेन'. मी दोन दिवस वाचन केले, मुलांना विचारले, कानांनी ऐकले आणि लेखी मत दिले. ते दोन्ही तटांना रुचले नाही. ज्या तिसऱ्या तटाने ते ऐकून माना डोलावल्या, त्याला ते समजले नाही असे नंतर दिसून आले. सबब हा लेख.

प्रथम त्या तिसऱ्या तटाचा समाचार घेतो, कारण तो वयाने वडील आहे आणि माझ्या मताचा आधार घेऊन गिटारच बंद करू पाहत आहे. त्यांचे म्हणणे असे, की हे वाद्य परके, परधर्मीयांचे, देवळात त्याचे काम नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखून विचारतो: आपण ज्या पेटीवर साठ वर्षे अभंग गात आलात ती कोठून आली? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली देबँ नावाच्या कारागिराने घेतले. तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला साथीला बसू दिले नव्हते. त्याच तिरस्कृत पेटीवर आमच्या बेळगावच्या पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्य वेचले आणि पिढ्यानपिढ्या शिष्य तयार केले. आकाशवाणीने नाकारलेली पेटी देवळांनी नाकारली नाही, हे देवळांच्या शहाणपणाचे लक्षण होते. व्हायोलिनही युरोपचेच; दक्षिणेकडील देवळांतून ते मांडीशी टेकवून असे वाजविले जाते, की जणू ऋषींनीच ते दिले असावे. फार कशाला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरी टांगलेली आहे. ज्या घंटेचा नाद क्रूसासाठी ओतला गेला तिच्या नादाने महादेव विटाळला नाही, आणि सहा तारांच्या एका लाकडी वाद्याने आमचे कुलदैवत विटाळेल काय? आपल्यापैकी निम्म्यांची मूळ घरे गोव्यात. तेथे गिटार कोणत्या अंगणात वाजत नाही हे मी आपणास सांगावे असे नाही.

तेव्हा गिटार राहील. प्रश्न गिटारचा नाहीच. तिच्या मागे जी पेटी उभी करावयाची तिचा आहे.

आता ती यंत्रे. कायद्याचा पदवीधर असून मी या फंदात कसा पडलो, असे काहींनी विचारले. साक्षीदार वैद्य असला तर उलटतपासणीपुरते वैद्यक शिकावे लागते, तसेच हे.

जिम मार्शल हा मूळचा ढोलवादक आणि ढोलशिक्षक. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे त्याचे वाद्यांचे दुकान होते. १९६२ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या माणसांनी अमेरिकन फेंडर कंपनीचा एक अ‍ॅम्प्लिफायर उघडून त्याच्या नमुन्यावर आपला बनविला. 'जे.सी.एम. ८००' हे नाव १९८१ चे. त्यातील आठशे हा आकडा वॅटांचा नव्हे. मार्शलची आद्याक्षरे आणि त्याच्या मोटारीचा क्रमांक यांवरून ते नाव पडले. (आमचे एक विश्वस्त "आठशे वॅट आहे तर मग दुसरा कशाला बघायचा?" असे बैठकीत म्हणाले होते; त्यांच्या माहितीसाठी हे लिहिले.) मेसा बूगी हे कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांचे अपत्य. लहान फेंडर अ‍ॅम्प्लिफायरांत फेरफार करून त्यांतून मोठा आवाज काढण्यात त्याची सुरुवात झाली, आणि ड्युअल रेक्टिफायर आला तो १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

दोहोंचे तत्त्व एकच. गिटारच्या तारांतून येणारा विजेचा क्षीण संदेश एका छोट्या व्हॉल्व्हने मोठा करावयाचा, तो दुसऱ्याने आणखी मोठा, तिसऱ्याने त्याहून मोठा. इतका, की तो व्हॉल्व्हच्या मर्यादेत मावेनासा होतो आणि त्याचे माथे कापले जाते. आपण ज्याला आवाज फाटणे म्हणतो ते हेच. सभेतील कर्ण्याचा आवाज फाटला तर आपण कानांवर हात ठेवतो. येथे तोच फाटलेला आवाज हेतुपुरस्सर, मोठ्या कौशल्याने घडविलेला असतो. त्यात गोडी नाही असे मी म्हणणार नाही. विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या गच्चीवर तो मी पुष्कळ ऐकला आहे, आणि आजही कानी पडला तर पाय थबकतात. सूर लांबतो, सतारीच्या मींडेसारखा ओढला जातो, एकेका सुरातून अनेक उपसूर फुटतात. तरुणांना तो का हवासा वाटतो हे मला पुरते ठाऊक आहे.

भेद येथून सुरू होतो. मार्शलमध्ये शेवटी चार ई.एल. ३४ जातीचे व्हॉल्व्ह असतात आणि त्याचा भर मध्यम स्वरांवर पडतो. मेसामध्ये चार सिक्स-एल-सिक्स. त्याची ख्याती खर्जाच्या रुंद, जड भिंतीसाठी. शिवाय मेसात विजेचा प्रवाह एकदिश करण्यासाठी व्हॉल्व्ह वापरावेत की सिलिकॉनचे डायोड, अशी निवड एका खटक्यावर ठेवलेली आहे. व्हॉल्व्ह निवडले तर जोराच्या आघाताला दाब किंचित खचतो आणि आवाज मऊ पडतो. मार्शलला मार्ग एकच, पण तारा खोचण्याच्या जागा दोन. त्यांतील खालच्या जागेत खोचले तर पहिला व्हॉल्व्ह वगळला जातो आणि आवाज बराच स्वच्छ राहतो. मेसाच्या पुढील आवृत्तींत तीन स्वतंत्र मार्ग आहेत, पैकी एक स्वच्छ आवाजाचा.

एखाद्या नाट्यगृहात, रॉक संगीताच्या मैफलीत, हा भेद रसिकांनी खुशाल रात्रभर चघळावा. आमचा प्रश्न भजनाचा आहे, आणि भजनात प्रथम शब्द, मग सूर, मग बाकी सर्व. तुकोबांचा अभंग असो की पुरंदरदासांचे पद असो (आमच्या मंडळात दोन्ही होतात, आणि तसेच व्हावे), ऐकणाऱ्याच्या कानी शब्दच पोचला नाही तर उरतो तो निव्वळ गलबला. या कसोटीवर मार्शल नेमका त्या स्वरपट्ट्यात उभा राहतो जेथे माणसाचा कंठ राहतो. तो गायकाशी भांडतो. मेसा खाली उतरतो आणि पखवाजाच्या धुमाळीवर बसतो. शिवाय खर्जाचा आवाज भिंतींना जुमानत नाही, तो शेजारच्या घरातील भांडी वाजवितो. एकाच्या हाती गायक बुडतो, दुसऱ्याच्या हाती पखवाजी आणि शेजारी. निवड करावयाची ती कोणाला बुडवावयाचे याची!

हे माझ्या कल्पनेचे खेळ नव्हेत. गेल्या आषाढीला मुलांनी भाड्याने एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. आमच्या मंडपाचे खांब दगडी, जमीन दगडी, छत उंच. तेथे टाळाचा नादसुद्धा क्षणभर रेंगाळतो. त्यात ती पेटी सुरू झाली. गाभाऱ्याशेजारी रोज बसणारी एक वृद्ध मावशी तिसऱ्या अभंगाला उठली आणि जाता जाता मला कोकणीत म्हणाली, "आवाज व्हड आसा, पूण उतरां आयकूंक येनात रे." माझ्या सगळ्या युक्तिवादाचा सारांश तिने एका वाक्यात करून टाकला होता, माझ्या अशिलांनी मला उगाच फी दिली. (फी घेतली नाही, हे येथे नमूद करतो.) ती मावशी त्यानंतर गुरुवारच्या भजनाला आली नाही, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या तिघीही आल्या नाहीत.

आता आकड्यांकडे वळू. आकड्यांपुढे भक्ताची आणि रसिकाची दोघांचीही बोलती बंद होते. गिटारच्या चांगल्या स्पीकरला केवळ एक वॅट शक्ती दिली, तर एक मीटरवर साधारण शंभर डेसिबल आवाज होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे बत्तीस मीटरवर, आमच्या देवळापासून समोरच्या गल्लीतील तिसऱ्या घरापर्यंत, सत्तर. एका वॅटाचे हे! शंभर वॅट म्हणजे त्यात आणखी वीस मिळवा. भिंती मध्ये आल्या तर काही कमी होतील, परंतु आमचा सभामंडप तीन बाजूंनी उघडा आहे. उलट, शंभराऐवजी पन्नास वॅटांचे यंत्र घेतले तर 'आवाज निम्मा होईल' असे जे मध्यस्थी करणारे एक विश्वस्त म्हणत होते, त्यांचेही चुकते. निम्म्या शक्तीने तीनच डेसिबल घटतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटावयाचा तर शक्ती एकदशांशावर आणावी लागते.

आणि कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून दहा अधिक चालतील, अथवा ७५. यांतले जे कमी असेल ते. म्हणजे आमच्या गल्लीत दिवसा ६५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत नुसते ध्वनिक्षेपक नव्हे तर वाद्ये आणि ध्वनिवर्धक यांचाही स्पष्ट उल्लेख आला. सुटले ते केवळ सभागृहासारख्या बंदिस्त जागेतील अंतर्गत वापरापुरते, आणि सार्वजनिक आणीबाणीपुरते. मुलांची सर्वांत लाडकी योजना कार्तिकातील काकड आरतीला गिटार लावण्याची आहे. काकडा होतो पहाटे पाचला. कायद्याच्या दृष्टीने ती रात्र आहे. राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत जी सवलत देऊ शकते ती रात्री दहा ते बारा या वेळेची, पहाटेची नव्हे.

येथे कोणी तरी संविधानाचे पंचविसावे कलम माझ्या तोंडावर फेकतो, म्हणून सांगतो. ते कलम धर्मस्वातंत्र्य देते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन ठेवून. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासकडील एका प्रकरणात, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, अशा आशयाचा निकाल दिला. प्रकरण एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे होते. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळावरील कर्ण्याविषयी बोलताना आमच्या मंडळींना हा निकाल मुखोद्गत असतो. आपल्या मंडपात शंभर वॅटांची पेटी चढविताना तोच निकाल त्यांना आठवत नाही. न्यायालयाने तो कोणा एका धर्मासाठी लिहिलेला नाही. ज्या दिवशी गल्लीतील कोणी आजारी माणूस आमच्याविरुद्ध अर्ज देईल, त्या दिवशी मी देवस्थानाचा वकील म्हणून उभा राहीन आणि हरेन, हे आजच सांगून ठेवतो.

आमच्या सीमाभागाला या बाबतीत आधीच पुरेशी कीर्ती लाभलेली आहे. निपाणी, कागल, कोल्हापूर, बेळगाव या टापूत मिरवणुकीतील स्पीकरांच्या भिंतीला लोक 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली आपली कंपनी काढली ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. नको असलेला आवाज नाहीसा करणे हे त्याचे जीवितकार्य. त्याचेच नाव आम्ही कानठळ्यांना दिले. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांच्या प्रेरणेने १९०५ साली झेंडा चौकात सुरू झाला असे आपण अभिमानाने सांगतो. आणि विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ज्यांची घरे आहेत ते लोक त्या दिवशी नातलगांकडे निघून जातात, हे मात्र सांगत नाही. देऊळ हे त्या भिंतीपासून सुटण्याचे ठिकाण होते. ते आता तिची धाकटी शाखा होऊ घातले आहे.

मुलांना मात्र एवढ्यावर दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांची चूक समजुतीची आहे, आणि ती सुधारता येण्याजोगी आहे. 'गेन' आणि आवाजाची उंची या दोन निराळ्या वस्तू आहेत. हाय गेनचा सारा शोधच मुळी अशासाठी, की आवाज फाटण्याची गोडी मिळावी पण त्यासाठी यंत्र पुरते उघडावे लागू नये. म्हणून तर फाटण्याचे काम आधीच्या छोट्या व्हॉल्व्हांवर सोपवून शेवटी वेगळी कळ ठेवली. जी गोडी तुम्हांला हवी ती एका वॅटातही आहे. हे मी म्हणत नाही. मार्शल कंपनीनेच आपल्या पन्नाशीनिमित्त २०१२ साली एकेक वॅटाचे अ‍ॅम्प्लिफायर काढले, आणि त्यांत जे.सी.एम. ८०० च्या काळाचा आवाज देणाराही एक होता. मेसानेही रेक्टिफायरचे पंचवीस वॅटांचे, दहावरही चालणारे धाकटे भावंड बाजारात आणले. ज्यांनी शंभर वॅट जगाला दिले त्यांनाच ते पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी ठरतात हे कळले. आमच्या मंडळाला ते अजून कळावयाचे आहे.

मग शंभर वॅटांचा हट्ट कोणाचा? माझा स्पष्ट आरोप असा, की तो मुलांपेक्षा विश्वस्तांचा आहे. लहान पेटीवर दात्याचे नाव कोठे रंगवावयाचे? आमच्या मंडपातील प्रत्येक पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव आहे. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, आणि वाचता यावे म्हणून मार्गशीर्षातही तो बंद ठेवलेला असतो असे नाही, एवढेच समाधान. घड्याळावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. छातीइतक्या उंचीच्या खोक्यावर दोन ओळी सहज मावतात. कॅलिफोर्नियातील सद्गृहस्थांनी नाव घालण्याची अट घातलेली नाही, हे मी त्यांचे पत्र वाचून सांगतो. ती हौस इकडची.

याउपर एक गोष्ट, जिच्याविषयी बैठकीत कोणी अवाक्षर काढले नाही. या यंत्रांच्या पोटात चारशे-पाचशे व्होल्टांचा दाब असतो, आणि तार काढून ठेवल्यावरही तो काही काळ संधारित्रांत साठून राहतो. अमेरिकेतून थेट आणलेला अ‍ॅम्प्लिफायर तेथील १२० व्होल्टांवर चालणारा असला तर मध्ये दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो न लावता कोणी घाईने आपल्या २३० व्होल्टांत खोचला तर दान आणि दाता दोघांचेही नाव धुरात जाईल. स्पीकर न जोडता यंत्र चालू केले तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्ह झिजतात, ते बदलावे लागतात. कधी काळी बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत. आता ते स्लोव्हाकिया, रशिया, चीन येथून मागवावे लागतात. मार्शलमध्ये नवे व्हॉल्व्ह घातल्यावर त्यांचा बायस जुळवून घ्यावा लागतो, आणि व्हॉल्व्हचा रेडिओ डोळे मिटून दुरुस्त करणारे आमच्या बाजारातील जुने कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. मेसात ती जुळणी कारखान्यातच पक्की केलेली असते, तेव्हा व्हॉल्व्हच त्या मापाचे निवडून घ्यावे लागतात. आणि हे सर्व अशा इमारतीत, जिची वायरिंग कोणत्या काळातील आहे हे कोणास ठाऊक नाही, जिच्या जमिनीवर अभिषेकाचे पाणी वाहते आणि जेथे वादक अनवाणी बसतो. त्याची बोटे तारांवर, ओठ मायक्रोफोनशी, पाय ओल्या दगडावर. अर्थिंग सदोष असेल तर यांतून काय होईल हे कोणत्याही इलेक्ट्रिशियनला विचारावे. तो मुलगा आपल्यापैकीच कोणाचा तरी आहे.

म्हणून मी दिलेले मत असे. दोन शंभर वॅटी यंत्रांपैकी एकही सभामंडपासाठी घेऊ नये. केवळ या दोहोंतूनच निवडा अशी सक्ती असेल, तर भजनाच्या साथीला मार्शल, तोही खालच्या जागेत तार खोचून. कारण मध्यम स्वरांचे भांडण वादकाला हात आवरून मिटविता येते, भिंतीतून गेलेला खर्ज कोणाला परत बोलाविता येत नाही. परंतु सक्ती नाही. दात्याला नम्रपणे लिहावे, की त्यांच्या रकमेतून प्रथम देवळाची वायरिंग आणि अर्थिंग नवे करावे. मग गायकासाठी एक उत्तम मायक्रोफोन आणि श्रोत्यांच्या जवळ, खांबांवर खाली बसविलेले चार लहान स्पीकर घ्यावेत, म्हणजे दगडी छताकडे आवाज न फेकता शब्द पोचेल. आणि उरलेल्यातून दोन्ही तटांनी मिळून निवडलेला पंचवीस वॅटांच्या आतला एक अ‍ॅम्प्लिफायर, मार्शल म्हणा की मेसा. तो वादकाच्या कानाशी, जमिनीवर, श्रोत्यांकडे पाठ करून ठेवावा. काकड्याला गिटार हवी असेल तर तारांची साधी, विजेविना वाजणारी आणावी. पहाटे पाच वाजता ती पुरून उरते.

मार्शलच्या तटाने माझ्यावर मेसाचा पक्षपाती असल्याचा आरोप केला आहे, मेसाच्या तटाने मार्शलचा. वडीलधाऱ्यांनी माझ्या पत्रातील पहिले वाक्य तेवढे फळ्यावर लिहून ठेवले होते. मी ते पुसावयास सांगितले. मुलांपैकी एकाने मात्र परवा रात्री घरी येऊन विचारले, "वकीलकाका, ते एका वॅटाचे खरेच तसे वाजते का?" मी म्हटले, ऐकून पाहा. कार्यकारिणीची बैठक कार्तिकी एकादशीच्या आधीच्या रविवारी आहे. माझे पत्र खजिनदारांनी आवक क्रमांक घालून ठेवून घेतले आहे, आणि वायरिंगचा अंदाज घेण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बुधवारी बोलावले आहे.